चर खोदण्यापूर्वीची पाहणी : नाशिक परिसरातील एका जलवाहिनीच्या प्रकल्प नोंदी

दि. ६ जानेवारी २०२५

कामाला आज औपचारिक सुरुवात झाली. नाशिक शहराच्या पूर्वेला, गोदावरीकाठच्या जॅकवेलपासून (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीपासून) जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत चार गावांच्या शिवारांतून ११.८ किलोमीटर लांबीची जलवाहिनी टाकायची आहे. पाइप ७०० मिलिमीटर व्यासाचे असून त्यांच्यासाठी सुमारे १.४ मीटर रुंद आणि दोन मीटर खोल चर खोदला जाईल. हा चर खोदण्यापूर्वी संपूर्ण मार्ग पायी फिरून, जमिनीवर आणि जमिनीखाली जुन्या वस्तीच्या खुणा आहेत का हे पाहणे, त्यांची नोंद करणे आणि आवश्यक तेथे आखणी बदलण्याची शिफारस करणे हे आमच्या चौघांच्या पथकाचे काम आहे.

या कामामागे कायद्याची सक्ती नाही, हे प्रथम नोंदवून ठेवतो. १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम अधिसूचित स्मारकांना संरक्षण देतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र प्रतिषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित मानले जाते. मात्र एखाद्या शेतातले टेकाड कोणत्याही यादीत नसेल, तर त्यातून चर नेण्यापूर्वी ते पाहून घ्यावे असे बंधन या कायद्यात नाही. येथे योजनेच्या अभियंत्यांनी स्वतःहून पाहणीचा खर्च अंदाजपत्रकात धरला, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

गावांची नावे आणि गट क्रमांक या प्रतीत दिलेले नाहीत. गुप्तधनाच्या लोभाने रात्री खड्डे खणणारे लोक या भागात आजही आहेत आणि संरक्षण नसलेल्या स्थळाचा पत्ता जाहीर करणे म्हणजे त्यांना वाट दाखवण्यासारखे आहे.

दि. ९ जानेवारी

तीन दिवस कागदपत्रांच्या वाचनात गेले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा नाशिक खंड, गावनकाशे, जुने स्थलदर्शक नकाशे आणि उत्खननांचे अहवाल एकमेकांशेजारी ठेवून पाहिले.

नाशिकची जमीन या विषयात अनोळखी नाही. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये गोदावरीकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले आणि या शहराखाली ताम्रपाषाणयुगापासून (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळापासून) सातवाहन काळ व पुढे मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक असल्याचे दाखवून दिले. त्याच मोहिमेत संगमनेरजवळच्या जोर्वे येथेही खोदकाम झाले आणि त्या गावाचे नाव दख्खनच्या एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूरजवळ नदीच्या वाळूगोट्याच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे सापडलेली आहेत.

पांडवलेण्यांतील लेखांची बाजू मला नेहमी अधिक अस्वस्थ करते. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. व्याजाचा दर आपल्याला माहीत आहे, पण ते विणकर जेथे राहत होते ती घरे, त्यांचे माग, त्यांच्या चुली यांविषयी लेख काहीच सांगत नाही. ते मातीतच शोधावे लागेल, आणि ती माती दरवर्षी कोठे ना कोठे यंत्राने उपसली जात आहे.

गावनकाशांवर काम करताना शेतांची नावे वेगळ्या वहीत उतरवून घेतली. आपल्याकडे शेताची माती ‘काळी’ आणि वस्तीची माती ‘पांढरी’. शेकडो वर्षांची राख, शेण, चुना आणि मातीच्या पडलेल्या भिंती मिसळून वस्तीच्या जागेची माती फिकट, भुसभुशीत होते. गाव उठून गेले तरी माती पांढरीच राहते आणि शेताचे नावही. मार्गालगत ‘पांढरी’ किंवा ‘गढी’ हा शब्द असलेली तीन नावे मिळाली.

दि. १३ जानेवारी

साधनांविषयी निर्णय घेतला. जमिनीत लहरी सोडून खालचे पाहणारा रडार भाड्याने घ्यावा असा आग्रह योजनेच्या कार्यालयातून झाला होता. मी नम्रपणे नकार दिला. चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेल्या ओल्या काळ्या मातीत या लहरी थोड्याच खोलीत विरतात, त्यामुळे हाती येणारे चित्र फसवे असते. चुंबकीय मापनाचीही येथे अडचण आहे, कारण खालचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय गुणधर्माचा असल्याने चूल किंवा भट्टी यांचा क्षीण संकेत त्याच्या गोंगाटात हरवतो. युरोपातील गाळाच्या सपाट शेतांवर जे यंत्र चोख काम देते, ते दख्खनच्या पठारावर तसेच चालेल असे धरून चालणे योग्य नाही. येथे पाय, डोळे आणि गावकऱ्यांची स्मृती हीच मुख्य साधने आहेत. रडारसाठी धरलेल्या रकमेतून आणखी दहा दिवसांची पायी पाहणी होईल.

पद्धत अशी ठरली. आखणीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १५ मीटर, म्हणजे एकूण ३० मीटर रुंदीचा पट्टा, चौघांनी दोन फेऱ्यांत समांतर चालून पाहायचा. प्रत्येक २५ मीटरला एक घटक मानून त्यातील खापरे मोजायची, वेचक नमुने पिशवीत घालायचे आणि जमीन कितपत दिसते याची पाचपैकी श्रेणी लिहायची. शेवटची बाब फार महत्त्वाची आहे. उसाच्या शेतात काही सापडले नाही याचा अर्थ तेथे काही नाही असा होत नाही.

दि. १६ ते २३ जानेवारी

मकरसंक्रांत संपताच चालणे सुरू केले. पहिल्या सहा किलोमीटरांत विशेष काही नाही. नदीच्या जुन्या गाळावर काही ठिकाणी चालसिडनी या गारगोटीसारख्या दगडाच्या छिलक्यांची (हत्यारे घडवताना उडालेल्या कपच्यांची) तुरळक नोंद झाली. एका देवळाच्या पाराला लावलेले दोन वीरगळ पट्ट्याच्या बाहेर असले तरी छायाचित्रासह नोंदवले. कांद्याच्या ओल्या वाफ्यांत पाय टाकणे योग्य नव्हते म्हणून ती शेते बांधावरून पाहिली आणि श्रेणी एक लिहिली.

द्राक्षबागांचा प्रश्न वेगळा आहे. लागवडीपूर्वी ओळींसाठी खोल चर घेतले जात असल्याने खालची माती वर आलेली असते. त्यामुळे खापर दिसण्याची शक्यता वाढते, पण ते कोणत्या थरातले हे सांगता येत नाही. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांतून लहान तुकडे खाली जातात आणि पावसात माती फुगली की तेथेच अडकतात. या जमिनीत निव्वळ खोलीवरून काळ ठरवणे धोक्याचे आहे.

दि. २१ रोजी सातव्या किलोमीटरजवळ बांधावर गवत कापणाऱ्या एका आजींशी बोलणे झाले. आम्ही काय शोधतो हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “खापरं पाह्यची असतील तर हितं नाय, पुढच्या पांढरीत जा. आमच्या सासऱ्यांनी तिथली माती गाड्या भरभरून धाब्यावर आणि शेतात टाकली. तरी बी संपली नाय.” घराच्या धाब्यावर पाणी मुरू नये म्हणून पांढऱ्या मातीचा थर देण्याची आणि तीच माती खत म्हणून शेतात टाकण्याची रीत या भागात सर्वत्र होती. अनेक टेकाडे अशीच गाडीगाडीने कमी होत गेली. आजींच्या या बोलण्याने आमचा नकाशावरचा तीन दिवसांचा तर्क पक्का केला.

दि. २४ जानेवारी

साखळी क्रमांक ७/४०० ते ७/६५०, म्हणजे मार्गाच्या सुरुवातीपासून ७ किलोमीटर ४०० मीटर ते ७ किलोमीटर ६५० मीटर. आजूबाजूच्या शेतापेक्षा जेमतेम दीड मीटर उंच असे पसरट टेकाड. उत्तरेकडची बाजू उभी कापलेली आहे. माती नेणाऱ्यांनीच ती कापली असावी. हरभरा नुकताच काढलेला असल्याने दृश्यमानतेची श्रेणी पाच. येथे एकेका घटकात चाळीस ते नव्वद खापरे मोजली, तर आधीच्या सात किलोमीटरांत एका घटकात कधीही पाचपेक्षा जास्त मिळाली नव्हती. आतून काळी आणि बाहेरून तांबडी अशी काळी-तांबडी भांडी, जाड तांबडी भांडी, शंखाच्या बांगडीचा तुकडा, पाट्याचा भंगलेला कोपरा. प्राचीन ऐतिहासिक काळातील वस्ती याविषयी शंका नाही.

टेकाडाच्या बरोबर मध्यावर एक ताजा बुजवलेला खड्डा आहे. मृदापरीक्षण करणाऱ्या ठेकेदाराने नोव्हेंबरमध्ये, म्हणजे आमची नेमणूक होण्यापूर्वी, तो यंत्राने घेतला आणि काढलेली माती तेथेच पसरून टाकली. त्या पसरलेल्या मातीतून आम्ही २१४ खापरे वेचली. त्यांतील प्रत्येक खापर आपापल्या थरातून आले असते तर या वस्तीचा क्रम लागला असता. आता त्यांचे वजन करता येते, प्रकार सांगता येतो, क्रम सांगता येत नाही. मला याचे दुःख झाले आणि ते येथे लिहून ठेवण्यात मला संकोच वाटत नाही. कोणी वाईट हेतूने केलेले हे काम नव्हते. पाहणी आधी आणि खोदकाम नंतर हा क्रम उलटला की असेच घडते.

दि. २८ जानेवारी

मृदापरीक्षणाचे तक्ते मागवून वाचले. टेकाडावरील खड्ड्याच्या नोंदीत जमिनीपासून १.२ मीटरपर्यंत ‘भराव, राखाडी माती’ असे लिहिले आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते चुकीचे नाही, कारण ती माणसांनीच घातलेली माती आहे. फक्त ती भर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. यातून एक उपयुक्त रीत हाती आली. जेथे रस्ता, इमारत किंवा बंधारा नाही अशा मोकळ्या शेतात तक्त्यावर ‘भराव’ हा शब्द आला, तर ती जागा आधी पाहावी. या मार्गावरील उरलेले एकोणीस तक्ते त्या दृष्टीने तपासले. एका ठिकाणी असा शब्द आढळला, पण तेथे जुनी बुजवलेली विहीर निघाली.

आम्ही स्वतः चाचणी खड्डे घेतले नाहीत, कारण पुरातत्त्वीय उत्खननासाठी परवाना लागतो आणि तो या कामाच्या कक्षेत नाही. पण व्हॉल्व्हच्या चेंबरसाठी, खांबासाठी, विहिरीसाठी इतरांनी घेतलेले खड्डे पाहण्यास कोणाची हरकत नसते. कापलेल्या बाजूचा छेद खुरप्याने स्वच्छ करून, मोजपट्टी लावून काढलेले एक रेखाचित्र ढीगभर वेचलेल्या खापरांपेक्षा अधिक सांगते.

दि. १० फेब्रुवारी

अभियंत्यांबरोबर बैठक. टेकाडाच्या दक्षिणेकडील शिवरस्त्याच्या कडेने वाहिनी न्यावी असा आमचा प्रस्ताव होता. त्यामुळे लांबी ३८ मीटरने वाढते. त्यांचा खरा आक्षेप लांबीवर नव्हता, वळणांवर होता. दाबाखालचे पाणी दिशा बदलते तेथे ते पाइपला बाहेरच्या बाजूला ढकलते, म्हणून प्रत्येक वळणावर काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक द्यावा लागतो, आणि तोच ब्लॉक चरापेक्षा रुंद व खोल खणावा लागतो. ब्लॉक टेकाडावर आला तर वाचवण्यापेक्षा नुकसानच अधिक होईल, हा त्यांचा मुद्दा पूर्णपणे बरोबर होता आणि तो माझ्या लक्षात आलेला नव्हता. दोन्ही वळणे टेकाडाच्या कडेपासून ४० मीटर बाहेर घेण्याचे ठरले.

एक अडचण राहिली. शिवरस्त्याच्या कडेला सुमारे ६० मीटर लांबीत आधीच भूमिगत वीजवाहिनी आहे आणि तिच्यापासून अंतर राखावे लागते. तेवढ्या भागात जलवाहिनी टेकाडाच्या दक्षिण टोकावरून, ७/५७० ते ७/६३० अशी जाईल. अडीचशे मीटरांऐवजी साठ मीटर, आणि तेही मध्यावरून नव्हे, टोकावरून. मी संमती दिली. या साठ मीटरांत खोदकाम आमच्या देखरेखीखाली, दात नसलेल्या सपाट बकेटने आणि एका वेळी २० सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, या अटी इतिवृत्तात नोंदवून घेतल्या.

दि. १८ फेब्रुवारी

ग्रामपंचायतीत सायंकाळी सभा झाली. सरपंच, पोलीस पाटील आणि ज्यांच्या शेतांतून मार्ग जातो ते बहुतेक खातेदार उपस्थित होते. सगळ्यांच्या मनात एकच भीती होती: खापरे सापडली असे लिहिले गेले तर सरकार शेत ताब्यात घेईल. या भीतीमुळे सापडलेल्या वस्तू लपवल्या किंवा फोडल्या जातात, म्हणून मी यावर बराच वेळ दिला. आमच्या नोंदीने जमिनीची मालकी बदलत नाही. केंद्र सरकारला एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित करायचे असले तरी आधी दोन महिन्यांची सूचना प्रसिद्ध करून हरकती ऐकाव्या लागतात.

मग गुप्तधनाचा विषय निघालाच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते; धनी न मिळाल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. कळवण्याने काय होते हे सांगण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभीचे उदाहरण दिले. तेथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उमटवलेला होता. ती सोनाराच्या मुशीत गेली असती तर नहपानाच्या सत्तेवर सातकर्णीने मिळवलेल्या विजयाचा इतका ठोस पुरावा आपल्याजवळ नसता. सभेनंतर एका तरुण शेतकऱ्याने घरून प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेले अकीकाचे सहा मणी आणून दाखवले. मोजमाप आणि छायाचित्र घेऊन ते त्याला परत दिले, आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयाच्या कामाशी संबंधित अधिकाऱ्यांकडे नोंदणी कशी करावी हे सांगितले.

दि. ४ मार्च

जेसीबी चालक आणि मजुरांसाठी चराच्या कडेलाच दोन तासांचे मार्गदर्शन घेतले. चित्रांपेक्षा खरी खापरे हातात देणे अधिक उपयोगी ठरले. तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले दोन रांजण दिसले तर यंत्र त्याच क्षणी थांबवायचे, हे मी पुन्हा पुन्हा सांगितले, कारण ताम्रपाषाणयुगात घराच्या जमिनीखाली लहान मुलांना अशा रांजणांत पुरत असत; नेवासे, इनामगाव, दायमाबाद येथे अशी दफने मिळाली आहेत. हे ऐकल्यावर सगळे काही क्षण शांत झाले. एका मजूर ताईंनी विचारले, “मग त्या बाळाची हाडं तिथंच ठेवणार का नेणार?” उत्तर असे दिले की आधी थांबायचे, अधिकाऱ्यांना कळवायचे, आणि कोणीही हात लावायचा नाही.

दि. १९ मार्च

रंगपंचमीमुळे काम बंद. नाशकात आज पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. वर्षभर या दगडी रहाडी माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून रहदारी चालते, आणि तरीही कोणत्या चौकात किती अंतरावर रहाड आहे हे तेथील रहिवाशांना तोंडपाठ असते. त्या वाचल्या आहेत त्या लोकांच्या लक्षात असल्यामुळे. शेतातल्या पांढरीला अशी दरवर्षीची आठवण नाही.

दि. २१ ते २५ मार्च

७/५७० पासून देखरेखीखाली खोदकाम. वरचे ४० सेंटिमीटर नांगरटीचे, मिसळलेले. त्याखाली ९५ सेंटिमीटरपर्यंत राखाडी, भुसभुशीत थर. दि. २२ रोजी ७/५९२ येथे सपाट बकेटखाली चोपलेली, चुनखडीमिश्रित जमीन उघडी पडली आणि तिच्या कडेला गोल, गडद मातीचा डाग दिसला. चालकाने आम्ही हात वर करण्यापूर्वीच यंत्र थांबवले होते. त्याचे नाव येथे देता येत नाही, पण त्याने दाखवलेली सावधगिरी नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

गोल डाग हे धान्याचे पेव (धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा) ठरले. व्यास सुमारे ९० सेंटिमीटर; निम्मे चरात, निम्मे चराच्या उत्तर भिंतीत. राज्य पुरातत्त्व विभागाला त्याच दिवशी कळवले. काम दोन दिवस थांबले. अधिकारी येऊन पाहून गेले आणि त्यांच्या उपस्थितीत चरात आलेल्या निम्म्या भागाची नोंद करून वीस लिटर माती वेगळी घेतली. ही माती पाण्यात ढवळली की जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात आणि बारीक चाळणीवर गोळा होतात. प्राथमिक पाहणीत गव्हासारखे आणि कडधान्यासारखे दाणे आहेत. नक्की ओळख तज्ज्ञ करतील.

पेवाच्याही खाली, मूळच्या काळ्या मातीच्या माथ्यावर, पातळ, उत्तम भाजलेल्या, नारिंगी-तांबड्या पृष्ठभागावर काळी रेघ असलेल्या भांड्यांची तीन खापरे मिळाली. ती जोर्वे पद्धतीची आहेत असे मला वाटते. तीन खापरांवरून वस्ती सिद्ध होत नाही आणि अहवालातही तसेच लिहिले आहे. पण टेकाडाच्या टोकाखाली ही असतील, तर न खोदलेल्या मध्यभागाखाली काय असेल याचा विचार मनातून जात नाही. तो भाग शाबूत राहिला आहे.

दि. २ एप्रिल

साठ मीटरांत पाइप बसले. चराच्या भिंतीतील निम्मे पेव न उपसता तसेच ठेवले. छेदावर भू-वस्त्र (जमिनीत वापरायचे कृत्रिम कापड) लावून त्याला धुतलेल्या वाळूचा थर दिला आणि मगच चर मुरमाने भरला. तीस-चाळीस वर्षांनी गळती काढण्यासाठी कोणी येथे पुन्हा खोदेल, तेव्हा वाळू लागली की आपण कोठे आलो हे त्याला कळावे.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे कामानंतरचा अंतिम नकाशा, कारण दुरुस्ती पथक अहवाल वाचत नाही, नकाशा उघडते. ७/५७० ते ७/६३० या लांबीवर तिरप्या रेषा मारून ‘पुरातत्त्वीय थर, दात असलेली बकेट वापरू नये, खोदण्यापूर्वी पुरातत्त्व विभागास कळवावे’ असा शेरा आज लिहून घेतला. नकाशाची एक प्रत देखभाल शाखेकडे, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरी दिली. संपूर्ण टेकाडाची सीमा आणि आजींनी सांगितलेले शेताचे नावही त्यावर आहे.